विणायला खुर्ची नाही

माझ्या नेमणुकीच्या पत्रावर पदाचं नाव आहे 'चेअर केनर'. म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणारा. लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी या पदावर तीस वर्षं काढली आणि त्यातली शेवटाकडची दहा वर्षं माझ्या हातात एकही खुर्ची आली नाही. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला आला. हे ऐकलं की लोक हसतात आणि माझा हेवा करतात. मेहुणा तर लग्नकार्यात चारचौघांत सांगतो, आमच्या दाजींसारखी नोकरी पाहिजे. मी हसल्यासारखं करतो. त्याला एकदा त्या खोलीत सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नुसतं बसवून ठेवायला पाहिजे, असं मला फार वाटतं.

मला दिसत नाही. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. वडील फौजेत होते आणि त्यांची बदली लखनौच्या छावणीत झाली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. काचबिंदूने नजर आधीच जात चालली होती, आठव्या वर्षी उरलीसुरली गेली. वडिलांना पुढची पोस्टिंग सीमेवर आली, पण इथे अंध मुलांची शाळा होती म्हणून आई आणि मी मागे राहिलो, ते कायमचेच. घरात साताऱ्याची मराठी आणि दाराबाहेर हिंदी, असं माझं सगळं आयुष्य गेलं.

शाळेत दुपारनंतर विणकामाचा वर्ग असायचा. शिकवणारे मास्टरसाहेब स्वतः जन्मांध होते, जुन्या लखनौचे, फार अदबीने बोलणारे. रागवायचे तेही 'आप' म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी माझा अंगठा वेताच्या पट्टीवर ठेवला. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत. "यह इसका चेहरा है और यह पीठ," ते म्हणाले. "बैठने वाले को हमेशा चेहरा मिलना चाहिए."

खुर्चीच्या लाकडी चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. त्यांतून आधी उभ्या पट्ट्या ओढायच्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि शेवटी दोन्ही अंगांनी तिरप्या. अशा सहा फेऱ्या. पट्टी पाण्यात भिजवून विणायची, वाळताना ती आपसूक आवळते. नीट आवळलेल्या बैठकीवर टिचकी मारली तर हलगीसारखा आवाज येतो. आवाज दबका आला की समजायचं, कुठेतरी ढिलं राहिलंय. या कामात डोळ्यांची गरज फारशी पडत नाही. तेव्हा प्रत्येक कचेरीत, कोर्टात, शाळेत वेताच्या खुर्च्या होत्या आणि चार-पाच वर्षांत बैठक बसली की ती पुन्हा विणावी लागायची. म्हणून या जागा आमच्यासारख्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. आमच्या वर्गातल्या बहुतेकांना याच कामावर नोकऱ्या लागल्या.

संस्थेत मी लागलो तेव्हा आम्ही दोघे होतो. दुसरे माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, तेही अंधच, बाराबंकीकडचे. स्टोअरच्या मागे आमची खोली होती आणि खोलीतच पट्ट्या भिजवायला सिमेंटचा एक लहान हौद. ओल्या वेताला एक वास असतो, थोडा भिजलेल्या गवतासारखा, थोडा मातीसारखा. तो माझ्या कपड्यांना इतका भिनलेला असायचा की बायको म्हणायची, तुम्ही जिन्यात असतानाच मला कळतं. कामाला खंड नव्हता. एक विभाग संपला की दुसऱ्याच्या खुर्च्या येऊन पडायच्या. लखनौच्या मे-जूनमध्ये वेताच्या खुर्चीत पाठीला वारा लागतो, म्हणून शास्त्रज्ञमंडळी आमची खुशामत करायची, माझी आधी करा म्हणून चहा पाठवायची. मोठे सहकारी विणता विणता उर्दूमिश्रित हिंदीत सगळ्यांची खिल्ली उडवायचे. मला त्या वेळी वाटायचं की हे असंच चालणार.

मग फोमच्या, चाकांच्या, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या. आधी डायरेक्टरच्या खोलीत, मग अधिकाऱ्यांच्या, मग कारकुनांच्याही. आमच्याकडे येणारं काम आठवड्याला पाच खुर्च्यांवरून दोन आणि दोनवरून एक असं झालं. मोठे सहकारी निवृत्त झाले, त्यांची जागा भरली नाही. काही महिन्यांनी एक पत्र आलं. ऑफिसच्या बाबूंनी ते मला वाचून दाखवलं. आमचा संवर्ग 'डाइंग केडर' म्हणून जाहीर झाला होता. मी अर्थ विचारला. बाबू जरा घुटमळले आणि म्हणाले, म्हणजे तुमच्यानंतर कोणी नाही.

त्यानंतर काही दिवस माझ्याकडे एका कोपऱ्यातल्या जुन्या स्टुलाची बैठक होती. ती मी मुद्दाम सावकाश विणली. ती संपली आणि पुढे काहीच आलं नाही.

रोज सकाळी इंदिरा नगरहून ऑफिसला जायचं, मशीनवर अंगठा लावायचा, खोलीत जाऊन बसायचं. हौद कोरडा. मी हौदात पाणी भरून ठेवायचो, आठवड्याने बदलायचो, तेवढाच उद्योग. मी दुसरं काम मागितलं. टेलिफोनवर बसवा म्हटलं, तर तोपर्यंत टेलिफोनचं एक्सचेंजच आपोआप चालायला लागलं होतं. टपाल वाटतो म्हटलं, तर पायऱ्यांवरून पडाल म्हणाले. दर नवीन प्रशासकीय अधिकाऱ्याकडे मी जायचो, आणि प्रत्येक जण मऊ आवाजात सांगायचा की आराम करा, तनख्वाह तर मिळतेय. एखादा खेकसला असता तर बरं वाटलं असतं. त्या मऊ आवाजापुढे भांडताही येत नसे. दोन-तीन वर्षांत माझ्या बोटांवरचे घट्टे गेले. बायकोने एकदा हात हातात घेऊन, कौतुकानेच, म्हटलं की किती मऊ झालेत. मला इतका राग आला की मी हात ओढून घेतला. तिची काही चूक नव्हती.

अशी दहा वर्षं गेली. मग आमच्या संस्थेत विदर्भातल्या एक मॅडम बदलून आल्या. बियाण्यांवर काम करणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञ. एक दिवस व्हरांड्यात मी बायकोशी फोनवर बोलत होतो, ते ऐकून त्या थांबल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांनी मराठीत माझी चौकशी केली. मी काय काम करतो, असं विचारलं. मी म्हणालो, काही नाही. त्यांना मी ते विनयाने बोलतोय असं वाटलं. मग मी सगळं सांगितलं.

आठवड्याभराने त्या मला ग्रंथालयामागच्या एका बंद खोलीत घेऊन गेल्या. संस्थेच्या वर्धापनदिनाचा मोठा कार्यक्रम पुढच्या वर्षी होता आणि त्याची जबाबदारी मॅडमवर होती. त्या खोलीत चाळीस वेताच्या खुर्च्या एकमेकींवर रचून ठेवल्या होत्या, भंगारात काढण्यासाठी. मी एकेक चाचपत गेलो. बैठका फाटलेल्या, काहींच्या नुसत्या चौकटी. पण लाकूड शाबूत होतं. एका खुर्चीखाली पट्टीचं टोक आतल्या बाजूने दोनदा वळवून दाबलेलं लागलं. अशी गाठ फक्त मोठे सहकारी मारायचे. त्यांना वारून तोवर पाच वर्षं झाली होती. मी मॅडमना म्हणालो, या खुर्च्या मी विणतो, फक्त वेत आणून द्या. त्या म्हणाल्या, कार्यक्रमात पुढची रांग याच खुर्च्यांची ठेवू, सोबत तुमच्या कामाची माहिती लावू. मला वाटतं, त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत गेलो असेन, कारण मुलीने विचारलं, "पापा, आज क्या हुआ?"

वेत मागवण्याची फाइल पाच महिने फिरली. सरकारी खरेदी आता कॉम्प्युटरवरून होते आणि त्या यादीत वेताची पट्टी कशात बसते हे कोणालाच ठरवता येईना. कोणी हस्तकला म्हणे, कोणी फर्निचरचा सुटा भाग. दर आठवड्याला मी स्टोअरच्या बाबूंकडे जायचो आणि दर आठवड्याला ते सांगायचे, बस आता आलीच. शेवटी एक दिवस त्यांनी मला बोलावून माझ्या हातात एक गुंडाळी ठेवली.

मी अंगठा फिरवला. दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत. नाकाजवळ नेली तर नव्या चपलेचा वास. ते प्लास्टिक होतं.

"मास्टर, यह तो धुल भी जाती है," बाबू खुशीत म्हणाले. "देखने में बिल्कुल वही है."

"देखने में होगी," मी म्हणालो.

त्यांच्या लक्षात काही आलं नाही. मी मॅडमकडे गेलो. त्या कार्यक्रमाच्या गडबडीत होत्या, आमंत्रणं, पाहुण्यांचे प्रवास, सगळं त्यांच्याच डोक्यावर. त्यांनी सांगितलं, एक खुर्ची करून तर बघा. मी करून बघितली. प्लास्टिक पाणी पीत नाही, त्यामुळे वाळून आवळतही नाही. गाठ मारली की सटकते. दुसऱ्या दिवशी बैठकीवर टिचकी मारली, तर हात गादीवर आपटल्यासारखा आवाज. मी सगळी बैठक कापून काढली आणि ते भेंडोळं घेऊन पुन्हा मॅडमच्या खोलीत गेलो.

त्या थकल्या होत्या. म्हणाल्या, "थोडं ॲडजस्ट नाही का होणार? कोणाला कळणार आहे?"

माझा तोल गेला. "मॅडम, तुमच्या प्रयोगशाळेत कोणी म्हटलं की बियांऐवजी प्लास्टिकचे मणी पेरा, दिसायला सारखेच आहेत, तर पेराल का?"

खोलीत आणखी कोणीतरी होतं, कारण एक खुर्ची करकरली. मॅडम म्हणाल्या की बाजारातून वेत आणा आणि पावती माझ्याकडे द्या, फाइल मी बघते. आवाज सपाट होता. मला त्यांच्याशी तसं बोलायला नको होतं. पण दहा वर्षांत कोणाशीच तसं बोललो नव्हतो, ते सगळं त्यांच्यावर निघालं.

रविवारी बायकोला घेऊन निशातगंजला गेलो. तिथे वेतवाल्यांची एक ओळच होती. पूर्वी मी रिक्षातून उतरलो की वासावरून सांगायचो, आलं. या वेळी नुसता तळणाचा आणि गाड्यांच्या धुराचा वास. बायको पाट्या वाचत गेली, पडदे, गाद्या, सोफा, मोबाइलची कव्हरं. आम्ही दोनदा पुढे जाऊन मागे आलो. शेवटी संस्थेला वेत पुरवणारे जुने दुकानदार सापडले, त्याच जागी. आता ते लोखंडी सांगाड्यावर प्लास्टिक गुंडाळलेले झोपाळे विकतात. म्हणाले की आसामकडून चांगला वेत येणं कमी झालंय, आणि आला तरी विणणारे कुठे आहेत. त्यांच्याकडचा सगळ्यात चांगला कारागीर आता ई-रिक्षा चालवतो. असं सगळं ते खोकत, थांबत सांगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बिनवा किससे रहे हैं?"

मी म्हणालो, मीच विणतो.

शिडी लावल्याचा आवाज आला. माळ्यावरून त्यांनी पट्ट्यांची तीन भेंडोळी काढली, फडक्याने झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली. किती वर्षांपूर्वीची आहेत ते त्यांनाही आठवत नव्हतं. बायको नंतर म्हणाली, ते बराच वेळ दुकानाच्या दारात उभे राहून आपल्याकडे बघत होते.

वेत जुना होता, ठिसूळ. भिजवायला साधं पाणी पुरेना, म्हणून बायको घरून थर्मासमध्ये गरम पाणी भरून द्यायची. तरीही निम्म्या पट्ट्या ओढताना तुटल्या. प्रत्येक पट्टी आधी बोटांतून पूर्ण ओढून बघायची, कुठे चीर आहे का, आणि मगच भोकात घालायची. माझा हातही राहिला नव्हता. पहिल्या खुर्चीला पाच दिवस लागले. पूर्वी दोन लागायचे. पट्टीच्या कडांनी बोटं कापली, रात्री भाकरी मोडताना झोंबायची. पण तिसऱ्या खुर्चीपासून हात चालायला लागला. तिरप्या फेरीला बोटं आपली आपण जाऊ लागली, मला मोजावं लागेना. स्टोअरचे बाबूही येऊन बसायला लागले. एकाने विचारलं, हे सगळं तुमच्या लक्षात कसं राहिलं? मला हसू आलं. इतकी वर्षं रोज बसून मी दुसरं करत काय होतो?

तीन भेंडोळ्यांत सहा खुर्च्या झाल्या. चाळीसपैकी सहा. शेवटची तर कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी पुरी झाली. मी सहाही ओळीने मांडून टिचकी मारून बघितली. एक किंचित दबकी होती, बाकी पाच नीट वाजल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी बायको माझ्यासोबत आली होती. मला सगळं सांगायला, आणि थोडं मिरवायलाही. आम्ही तासभर आधीच पोहोचलो. मंडपवाल्यांची ठोकाठोक चालू होती. बायको पुढे गेली आणि परत येऊन माझ्याजवळ नुसती उभी राहिली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "अहो, सगळ्या खुर्च्यांना पांढऱ्या खोळी घातल्यात. मागे चमकीची फीत बांधलीय. तुमच्या कुठल्या तेच कळत नाही."

माहितीची पाटीही नव्हती. मी बायकोला म्हणालो, मॅडमना शोध. ती गेली आणि तेवढ्यात समोरून आवाज आला. कोणी ऐकलाही नसेल, एवढ्या गोंधळात. पण मला तो ओळखू आला. ताणलेली बैठक फाटते तेव्हा एकच आवाज येत नाही. आधी एक तुटते, मग लागोपाठ पाच-सहा.

मी काठी टेकत त्या दिशेने गेलो. मंडपाचा एक माणूस फलक बांधायला खुर्चीवर चढला होता. मी खोळ बाजूला केली आणि हात घातला, तर कोपरापर्यंत आत गेला.

"पुरानी कुर्सी थी, बाबूजी," तो म्हणाला. त्याला लागलं नव्हतं.

"तीन दिन पुरानी है," मी म्हणालो.

त्याला ती थट्टा वाटली. तो हसला आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर चढला. ती प्लास्टिकची होती बहुतेक, काही झालं नाही.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. भाषणं झाली, हार झाले. आम्ही मागच्या रांगेत बसलो. संध्याकाळी मॅडम आल्या आणि खूप वेळ दिलगिरी व्यक्त करत राहिल्या. खोळी कोणी घालायला लावल्या ते त्यांना माहीत नव्हतं, एकसारखं दिसावं म्हणून वरून कोणीतरी सांगितलं असेल. पुढच्या वर्षी बाकीच्या खुर्च्यांसाठी तरतूद करते, असंही म्हणाल्या. मी हो हो म्हणालो. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली दक्षिणेत झाली. त्यांनी एकदा फोन केला होता. मी दोन शब्दांत उरकला. त्यांनी माझ्यासाठी जेवढं केलं तेवढं संस्थेत कोणी केलं नव्हतं, आणि माझा सगळा राग त्यांच्याच वाट्याला गेला.

एप्रिलमध्ये वार्षिक अहवालाचे फॉर्म आले. माझा फॉर्म दरवर्षी ऑफिसचे बाबू भरायचे आणि मी दाखवतील तिथे सही करायचो. या वर्षी मी त्यांना वाचून दाखवायला सांगितलं. 'सौंपे गए कार्य संतोषजनक ढंग से किए.' मी विचारलं, मागच्या वर्षी काय लिहिलं होतं? हेच. त्याच्या मागच्या वर्षी? हेच. कोणती कामं सोपवली होती, असं विचारलं तेव्हा ते वैतागले. म्हणाले, आता तुम्हीही ना.

मी एक कोरा फॉर्म मागून घरी नेला. मुलीला समोर बसवलं आणि सांगितलं, लिही. दहा वर्षं कोणतंही काम दिलं नाही. या वर्षी सहा खुर्च्या विणल्या. त्यातली एक संस्थेच्या कार्यक्रमात मोडली. ती मराठी समजते पण बोलते हिंदीत. "पापा, पक्का?" तिने विचारलं. मी म्हणालो, पक्कं. तिने हिंदीत नीट लिहून दोनदा वाचून दाखवलं आणि माझं बोट सहीच्या जागेवर नेऊन ठेवलं.

आठवड्याभरात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी बोलावलं. चहा मागवला. मऊ आवाजात समजावलं की हे असं कागदावर आलं तर ऑडिटवाले विचारतील, इतकी वर्षं पद कशाला ठेवलं म्हणून. पद काढून टाकतील, मला कुठेतरी भलतीकडे पाठवतील. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलीत, कशाला त्रास? फॉर्म परत घ्या, नवीन भरू. मग म्हणाले, "आख़िर आपको तकलीफ़ क्या है?"

"तकलीफ़ यही है, साहब," मी म्हणालो. "ग्यारह साल से हर कोई यही पूछता है, और काम कोई नहीं देता."

त्यांनी उसासा टाकला. चहा तसाच राहिला. मी फॉर्म परत घेतला नाही.

घरी बायको माझ्यावर चिडली. तिचं म्हणणं, एवढी वर्षं काढली, आणखी दोन काढली असती तर काय बिघडलं असतं. घर, मुलीचं लग्न, माझी औषधं, सगळं त्या नोकरीवर. ती घाबरली होती आणि तिचं घाबरणं बरोबर होतं. दोन दिवस आमच्यात भाजी काय करायची याखेरीज बोलणं झालं नाही.

दोन महिन्यांनी आदेश आला. नोकरी राहिली, पण माझं पद रद्द झालं. माझी रवानगी सरोजिनी नगरच्या पुढे संस्थेचं शेत आहे, तिथल्या बियाणं विभागात. खोली रिकामी करायला आठवडा दिला. मी हत्यारं गोळा करत होतो तेव्हाच गवंडी हौद फोडायला आला, तिथे कागदांची कपाटं बसवायची होती. ग्रंथालयामागच्या खुर्च्या एका लॉटमध्ये भंगारवाल्याला गेल्या. चौकटी ट्रकमध्ये फेकल्याचा आवाज मी खोलीत बसून ऐकला. मी विणलेल्या, उरलेल्या पाचांपैकी एक मला विकत द्या, असं मी लिहून मागितलं. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. त्या आता कुठे आहेत, मला माहीत नाही. कोणी म्हणतं गेस्ट हाउसमध्ये आहेत.

हत्यारं शाळेला द्यावीत म्हणून एकदा शाळेतही गेलो. आताच्या मुख्याध्यापकांनी आदराने बसवलं, सगळं ऐकून घेतलं. विणकामाचा वर्ग बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, त्या खोलीत आता बोलणारे कॉम्प्युटर आहेत. मुलांना बँकेत, रेल्वेत, कॉल सेंटरमध्ये नोकऱ्या लागतात. हे शिकवलं तर पुढे त्यांनी काय करायचं, तुम्हीच सांगा, असं ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. मी पिशवी उचलून परत आलो. मुलांचं चांगलं चाललंय याचा आनंद व्हायला हवा होता. तो झालाही. पण रस्ताभर मी दात आवळून होतो.

आता रोज मेट्रोने विमानतळापर्यंत जातो, तिथून संस्थेची गाडी. शेतावर एका लांब शेडमध्ये सहा-सात बायका बियाणं निवडतात. मला त्यांच्यात बसवलंय. समोर परात असते, त्यातून पोचट, चिरलेले दाणे बोटांनी वेगळे काढायचे आणि भरीव दाणे पिशवीत टाकायचे. हे काम मला जमतं. आवडतं असं म्हणणार नाही. दिवसाअखेरी परात रिकामी होते, एवढंच. दुसऱ्या दिवशी तीच परात तशीच भरून येते.

सगळ्यांच्या पराती रिकाम्या झाल्या की मगच सुटी होते, आणि पहिल्या आठवड्यात मी फार सावकाश करत होतो. प्रत्येक दाणा दोनदा बघायचो. चौथ्या दिवशी शेजारची बाई, वयाने माझ्याएवढीच, रोजंदारीवरची, ताडकन म्हणाली, "भैया, ज़रा हाथ चलाओ. तुम्हारे चक्कर में सबकी छुट्टी रुकती है."

कोणीतरी तिला दबक्या आवाजात सांगितलं की त्यांना दिसत नाही. ती म्हणाली की ते तिला माहीत आहे, दाणे काही डोळ्यांनी निवडत नाहीत. मला राग आला. मी काहीतरी तोडून बोललोही, आता आठवत नाही काय. मग परात जवळ ओढली आणि हात चालवायला लागलो.